ती खाईल तेव्हा

मोतद्दाराने पाकीट घेतलं नाही. त्याचे दोन्ही हात लगामात गुंतलेले होते म्हणून मी ते त्याच्या शर्टाच्या खिशात सरकवायला गेलो, तर तो अर्धं पाऊल मागे सरला आणि पाकीट घोडीच्या पुढच्या खुराशी गवतात पडलं. तेही चारचौघांत. फोटोवाला अजून कॅमेरा आवरत होता, ट्रेनर कुणाकुणाचे हात हातात घेत होता, आणि ज्यांचे घोडे हरले होते ते मालक, त्यांना तेवढ्यापुरतं दुसरं काम नसल्यामुळे, माझ्याकडेच बघत होते. “आत्ता नाही,” मोतद्दार म्हणाला. घोडीचं खाणंपिणं, मालिश, झोप, सगळं ज्याच्या हातात तो हा माणूस. साठीचा, किडकिडीत, जॉकीपासून ट्रेनरपर्यंत सगळे त्याला तात्या म्हणतात. “ती खाईल तेव्हा.” मी म्हटलं, “ती खाईल तेव्हा म्हणजे?” तेव्हा कुठे त्याने माझ्याकडे नीट पाहिलं. “थोरल्यांनी सांगितलं नव्हतं तुम्हाला? ते येऊन बसायचे की. प्रत्येक शर्यतीच्या संध्याकाळी. तिचं घमेलं रिकामं होईपर्यंत.” घोडीने मान झटकली, तोंडाचा फेस माझ्या बाहीवर उडाला, आणि तो तिला घेऊन निघून गेला. मी वाकून पाकीट उचललं, त्यावरचं गवत झटकलं आणि उगाचच हसलो.

पाकिटं दुकानातली होती. आमचं चष्म्यांचं दुकान आहे. दादाचं आणि माझं, म्हणजे आता वहिनीचं आणि माझं. चष्मा पुसायचं फडकं घालून द्यायला आम्ही छोटी पाकिटं छापून घेतो, वर एक चष्म्याचं चित्र आणि खाली ‘डोळे तपासून मिळतील’. सकाळी निघताना मी त्यातलीच तीन उचलली आणि भरून टाकली. नंतर कळलं की शर्यतीआधी पाकिटं भरून ठेवणं हा मोठा अपशकुन. जिंकल्यावर मालकाने धावपळ करून, याच्याकडून त्याच्याकडून नोटा गोळा करून बक्षिसी वाटायची, त्यातच म्हणे मजा असते. मला कुठून माहीत असणार? घोडी पाच वर्षं आमची, पण रेसकोर्सवर जायचा दादा आणि दुकान सांभाळायचो मी. दादानंतरची ही तिची पहिलीच शर्यत. ठरलेला हिस्सा क्लब परस्पर कापून जॉकीला, ट्रेनरला देतोच. पाकीट त्याच्या वरचं. ते नियमात नाही, म्हणून तर त्यात मालकाची परीक्षा होते. जॉकीने माझं पाकीट दोन बोटांत धरून जाडी पाहिली, वरचं छापील वाचलं आणि मातीने माखलेल्या तोंडाने हसला. “शेवटच्या वळणावर मला काही दिसतच नव्हतं, साहेब. उद्या येतोच तुमच्याकडे डोळे दाखवायला.” ट्रेनरने न बघता खिशात टाकलं. देणं मला कधी जमलेलंच नाही. दादा देताना त्याचा एक हात समोरच्याच्या खांद्यावर असायचा आणि दुसऱ्या हाताने कधी दिलं ते घेणाऱ्यालाही कळत नसे. मी दिलं की ते दिल्यासारखं दिसतं. हॉटेलात वेटरला टीप ठेवतानासुद्धा मी इकडेतिकडे बघतो, काही उचलत असल्यासारखा.

पण पाकीट पडल्याची लाज दोन मिनिटांत ओसरली आणि तिच्या जागी तात्याचं ते वाक्य येऊन बसलं. माणसं पुढच्या शर्यतीसाठी कठड्याकडे सरकत होती, मी उलट्या बाजूने चाललो होतो, फाडलेल्या तिकिटांचे कपटे पायांत येत होते. प्रत्येक शर्यतीच्या संध्याकाळी, तो म्हणाला होता. त्या संध्याकाळी दादा कुठे असायचा हे मला पक्कं ठाऊक होतं. तो एका बाईकडे असायचा. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. दादानेही नाही. ते मी स्वतःच ठरवलं होतं, पाच वर्षांपूर्वी, घोडीच्या पहिल्या शर्यतीच्या दिवशी, संध्याकाळी सात वाजता, काउंटरवरचा फोन वाजला तेव्हा. वहिनीने विचारलं, “हे आलेत का दुकानात?” शर्यती पाचला संपलेल्या. मी म्हणायला हवं होतं, नाही आला, मला माहीत नाही. एवढं साधं वाक्य. पण धाकट्या भावांना एक खोड असते. थोरल्याबद्दल कुणी काही विचारलं की आधी त्याच्यापुढे आडवं पडायचं, मग विचार करायचा. मी म्हणालो, “घाऊकवाल्याकडे गेलाय, फ्रेमा बघायला.” फोन ठेवला आणि मग माझ्या लक्षात आलं की आपण काहीतरी झाकलं. झाकलं म्हणजे झाकण्यासारखं काही असणारच. दादा देखणा होता, हसरा होता, त्याच्या शर्टाला नेहमी चांगला वास यायचा. मला तेवढं पुरलं.

मग दर शर्यतीला तेच. सातला फोन, आणि माझं एक उत्तर. दाताच्या डॉक्टरकडे गेलाय. जुना वर्गमित्र भेटला, त्याच्याबरोबर आहे. बँकेतल्या साहेबांना चष्मा पोचवायला गेलाय. कोणती थाप कधी मारली ते विसरू नये म्हणून मी दुकानातल्या कॅलेंडरवर पेन्सिलने बारीक खुणा करायचो. दुसऱ्या दिवशी सकाळी दादा शटर वर करता करता, तोंड दुसरीकडे करून विचारायचा, “काल मी कुठे होतो रे?” मी सांगायचो, “दाताच्या डॉक्टरकडे.” तो मान डोलवायचा, “बरं.” एकदा गालावर हात धरून खोटंखोटं कण्हलाही. मला त्यात केवढी धन्यता! दादा मला त्याच्या गुपितात घेतोय असं वाटायचं. लहानपणी तो झाडावर चढायचा आणि कुणी येतंय का बघायला मला खाली उभं करायचा, तसं काहीतरी. वर काय आहे ते मला कधी दिसलं नाही, पण खाली उभं राहण्यातही एक भाग मिळतो.

ती बाई मात्र मला दिसायची. ते मी आजवर कुणाला बोललो नाही. माझी जागा दुकानात मागे, काचा घासायच्या चाकापाशी. पुढे गिऱ्हाइकं, दादाचं हसणं, आरशांचा लखलखाट, आणि मागे मी, पाण्याची बारीक धार आणि काचेचा आवाज. त्या आवाजात तासन्तास गेले की डोक्यात माणसं राहायला येतात. ती दुसऱ्या मजल्यावर राहायची. जिना अरुंद, कठड्याला हात लावला की रंगाची पापडी निघायची. खोलीत एकच मोठी खिडकी, तिच्यावर पातळ पडदा. तिला जवळचं दिसत नसे. नंबर अधिक दोन, डाव्या डोळ्याला किंचित तिरपा. वाचताना ती पुस्तक लांब धरायची आणि दादाचा चेहरा जवळ आला की तिला तो धूसर दिसायचा, म्हणून ती डोळे मिटून घ्यायची. एवढं सगळं मला माहीत होतं. एकदा तर मी त्या नंबरची काच खरोखर घासली, एका हलक्या तपकिरी फ्रेमला बसवली, आणि ती ड्रॉवरमध्ये इतके दिवस पडून राहिली की शेवटी एका म्हाताऱ्या बाईला विकून टाकली. मी लग्न केलं नाही. केलं नाही म्हणजे वेळ निघून गेली, असं वहिनी म्हणते. शर्यतीच्या संध्याकाळी दुकान बंद करून एकटा घरी जाताना मी त्या दोघांच्या खोलीतला दिवा मनात लावायचो, आणि मला बरं वाटायचं. खरं सांगायचं तर दादापेक्षा मीच तिच्यापाशी जास्त राहिलो.

दादा आठ महिन्यांपूर्वी गेला. काउंटरवरच, एका शाळामास्तरांच्या चष्म्याची काडी सरळ करता करता. वहिनी रडली नाही. आठवड्याच्या आत तिने त्याचे सगळे कपडे बांधून देऊन टाकले, अगदी नवे शर्टसुद्धा, आणि घरात त्याचं नाव निघेनासं झालं. तिची मुलगी, माझी पुतणी, नोकरीसाठी दुसऱ्या शहरात असते. ती रोज संध्याकाळी फोन करते, आधी आईला आणि आईने उचलला नाही तर मला. तीही म्हणायची, “काका, आई बाबांबद्दल काहीच कशी बोलत नाही?” मी म्हणायचो, वेळ लागतो. महिन्याभराने एक दिवस वहिनी दुकानात आली, कागदांवर सह्या करायला, दुकान आणि घोडी दोन्हींत तिचा अर्धा वाटा झाला होता. सह्या झाल्या, पेनाचं टोपण तिने लावलं, आणि म्हणाली, “भावजी, आता तरी सांगा. कोण होती ती?” मी काच पुसत होतो, ती पुसतच राहिलो. ती पाच मिनिटं थांबली असेल. मग पर्स उचलून गेली. त्यानंतर तिने परत विचारलं नाही, पण रोज दुपारी ती मला डबा पाठवते आणि रोज डबा उघडताना मला वाटतं की आत तो प्रश्न आहे. तिला रागवायला एक नाव हवं होतं. आणि मी, त्या बाईच्या खोलीतल्या पडद्याचा रंगसुद्धा ज्याला माहीत, त्या माझ्याकडे तिचं नाव नव्हतं.

सहाच्या सुमाराला मी तबेल्यात गेलो. रेसकोर्सच्या मागच्या अंगाला लांबच लांब बैठी रांग, प्रत्येक खोलीला अर्धा दरवाजा आणि प्रत्येक दरवाजावरून एकेक तोंड बाहेर. मी चालत गेलो तशी ती तोंडं माझ्याबरोबर वळत गेली. जमिनीवर नुकतंच पाणी मारलेलं होतं. ओल्या मातीचा, गवताचा, घामाचा आणि मालिशच्या तेलाचा मिळून एक उबदार वास होता, आणि तो नाकात शिरताच मी थबकलो, कारण दादाच्या शर्टाला यायचा तो चांगला वास हाच होता. अत्तर म्हणून मी ज्याच्यावर एवढी बाई उभी केली ते मालिशचं तेल होतं. आमची घोडी शेवटून तिसऱ्या खोलीत. रेसकार्डावर तिचं लांबलचक इंग्रजी नाव आहे, तबेल्यात तिला ठमी म्हणतात. चारही पायांना पट्ट्या बांधलेल्या, अंगावर पातळ झूल, मान खाली. समोर घमेलं होतं, त्यात शिजवलेले ओट आणि कोंडा, वर वाफ. ती त्याच्याकडे बघतही नव्हती.

“आलात,” तात्या म्हणाला आणि एक बादली उलटी करून माझ्यासमोर ठेवली. तो स्वतः उंबऱ्यावर बसून सुटलेल्या पट्ट्यांच्या गुंडाळ्या करत होता. मी विचारलं, “पाकीट आत्ताच घेतलंत तर काय बिघडेल? ती जिंकली ते जिंकली.” त्याने गुंडाळी संपवली, मग बोलला. “जिंकली ते जॉकीचं. माझं काम अजून झालं नाही. घोडा पळून आला की आतून कसा आहे ते डॉक्टरालाही कळत नाही, घमेल्यात कळतं. फार वर्षांपूर्वी एक घोडा होता माझ्याकडे. मोठी शर्यत मारली. मालकाने तिथल्या तिथे हातात नोटा कोंबल्या, एवढ्या मी एका वेळी बघितल्या नव्हत्या. मी गेलो बाहेर, मजा केली. त्याने खाल्लं नव्हतं, बघायला मी इथे नव्हतो. पोटशूळ. सकाळी आडवा.” त्याने दुसरी पट्टी घेतली. “तेव्हापासून आपला कानाला खडा. खाल्लं की घेईन, नाही तर नाही. बाकीचे मालक ट्रेनरकडे ठेवून जातात, दुसऱ्या दिवशी मिळतं. थोरले म्हणाले, मीच थांबतो. पहिल्या दिवसापासून. जिंको, हरो.”

“आणि काय करायचे?”

“काय करणार? बसायचे.”

“बोलायचे काही?”

“नाही बुवा. एकदा म्हणाले, दिवसभर दुकानात हसून हसून गाल दुखतात, तात्या. इथे हसावं लागत नाही.”

मी बसलो. आता मला दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. रांगेतले दिवे लागले, कुठेतरी नळाखाली बादली भरत होती आणि तिचा आवाज हळूहळू बारीक होत गेला. ठमीचा डोळा माझ्यापासून हातभर अंतरावर होता. एवढे डोळे बघितले मी आयुष्यात, पण असा नाही. आडवी बाहुली, तिच्याभोवती गडद तपकिरी पाणी, आणि त्या पाण्यात दरवाजा, दिवा, तात्या आणि बादलीवर बसलेला वाकडातिकडा मी. या डोळ्याला समोरचा मी दिसत असेल का, की थोरला बसायचा त्या जागी कुणीतरी बसलंय एवढंच? मला गुंगी आल्यासारखं झालं. मी मनातल्या मनात दादाला नेहमीसारखा त्या अरुंद जिन्यावरून वर पाठवायला गेलो. तो दोन पायऱ्या चढला, थांबला, माझ्याकडे वळून बघितलं आणि खाली उतरून या बाजूला चालू लागला. मी पुन्हा पाठवला, तो पुन्हा उतरला. वर खिडकीत ती उभी होती, पडदा बाजूला करून, आणि तिला लांबचं नीट दिसत असल्यामुळे तो जाताना तिला स्पष्ट दिसला. मला तिच्यासाठी फार वाईट वाटलं. इतकी वर्षं ती वाट बघत होती आणि तिच्याकडे कुणीच गेलं नव्हतं, माझ्याशिवाय. मग तिच्या खोलीतला दिवा मालवला आणि जिना, कठडा, पापड्या निघालेला रंग, सगळं शांतपणे विरून गेलं, आणि ठमीने नाकातून मोठा श्वास सोडला तो माझ्या गुडघ्यांवर ऊन ऊन लागला.

सात वाजले होते. या वेळेला वहिनीचा फोन यायचा. आता तो येणार नव्हता, करायचा असेल तर मलाच करायला हवा होता, आणि मला ते नको वाटत होतं. घाबरट माणूस आपल्या घाबरण्याला फार चांगली कारणं शोधतो. मी म्हटलं, आता सांगून काय उपयोग. माणूस गेला. जखमेवर खपली धरलीय, ती कशाला काढा. पण खरं कारण मला ठाऊक होतं: दादाला सोडवायचं तर मला अडकावं लागणार होतं. चाळीस-बेचाळीस थापा, तारीखवार. दुसरीकडे, ती एवढी वर्षं ज्याचा राग करत होती तो माणूस इथे उलट्या बादलीवर बसून होता, आणि हे जगात फक्त मला आणि तात्याला माहीत होतं. तिला तिचा नवरा परत मिळणार होता. असं मोठं काहीतरी आपल्या हातून दिलं जाणार, या कल्पनेने माझा ऊर भरूनही आला, खोटं कशाला बोलू. मी फोन लावला. “वहिनी, तबेल्यात या. आत्ता. टॅक्सीने या.” तिने काही विचारायच्या आत ठेवून दिला.

ती अर्ध्या तासात आली. घरातल्याच साडीवर, पायांत घरच्या चपला, ओल्या जमिनीवरून पदर सावरत. “काय झालं? कुणाला लागलं का?” तात्या उठून उभा राहिला, त्याने आणखी एक बादली उलटी केली आणि बाहीने पुसली. वहिनीने आधी बादलीकडे पाहिलं, मग घोडीकडे. पाच वर्षांत तिने ठमीला पहिल्यांदाच बघितलं असेल. “ही का ती,” ती म्हणाली आणि बसली.

“वहिनी, दादा इथे असायचा,” मी म्हणालो. “शर्यतीच्या संध्याकाळी. दुसरीकडे कुठे नाही. इथेच.” मला वाटलं होतं तसं माझ्या आवाजात काही उतरलं नाही, दुकानात नंबर सांगतो तसा तो सपाट निघाला. तिने तात्याकडे बघितलं. तात्या म्हणाला, “एक दिवस चुकवला नाही, बाई. एकदा अंगात ताप होता तरी आले. ती खाईपर्यंत बसायचे, मला माझं द्यायचे आणि जायचे.”

“तिने लवकर खाल्लं नाही तर?”

“तर उशीर व्हायचा.”

वहिनी भरल्या घमेल्याकडे बघत राहिली. तिचे हात मांडीवर एकात एक होते. मी म्हणालो, “मला यातलं काही माहीत नव्हतं. तुम्ही फोन करायचात तेव्हा मी जे सांगायचो ते सगळं मी बनवून सांगायचो. मला वाटायचं की त्याचं कुठेतरी... तुम्हाला वाटायचं तेच मलाही वाटायचं.”

“मला आधी तसं वाटत नव्हतं,” वहिनी म्हणाली.

ती घोडीकडे बघून बोलत होती, हळू, काहीतरी आठवून आठवून. “पहिल्या दिवशी ते दहाला आले. मी विचारलं, एवढा वेळ कुठे होतात? म्हणाले, घोडीपाशी बसलो होतो, ती जेवत नव्हती. मला खरं म्हणजे हसू यायला हवं होतं. पण सातला मी तुम्हाला फोन केला होता ना. मी म्हटलं, भावजी तर म्हणाले घाऊकवाल्याकडे गेलेत. ते बूट काढत होते. जरा वेळ तसेच वाकून राहिले. मग म्हणाले, हो, तिकडेही गेलो होतो.” तिने पदराने गळा पुसला. “दोघांतलं कुणीतरी खोटं बोलत होतं. रात्रभर विचार केला मी. म्हटलं, भावजी कशाला खोटं बोलतील? त्यांना खरं बोलतानासुद्धा घाम फुटतो. पुढे मग ते विचारलं की नुसतं, काम होतं, म्हणायचे. तेवढ्यावर मी पाच वर्षं काढली. मी तुमच्यावर विश्वास ठेवला, भावजी.”

कुणी तोंडात मारली असती तर बरं वाटलं असतं. मी त्या बादलीवर बसलेला होतो आणि तरीही मला धरायला काही मिळेना. काल मी कुठे होतो रे, दादा शटर वर करत विचारायचा, तोंड दुसरीकडे करून. मला वाटायचं तो लाजतोय. तो मला लाजवत नव्हता एवढंच. त्याने एकदा म्हणायचं होतं, अरे गाढवा, तबेल्यात होतो मी. एकदाच. मग वहिनीपुढे मी खोटा पडलो असतो, दोन दिवस तोंड लपवलं असतं आणि सगळं मिटलं असतं. तेवढं त्याच्याने झालं नाही. बायकोच्या नजरेतून तो उतरत गेला, दर शर्यतीला थोडा थोडा, आणि सकाळी येऊन माझ्याकडून आपली थाप समजून घेत राहिला, म्हणजे धाकट्याचा शब्द फुटू नये. वेटरला टीप देताना इकडेतिकडे बघणारा मी, मला त्याने एवढं देऊन ठेवलं होतं आणि नेहमीसारखंच, कधी दिलं ते घेणाऱ्याला कळलं नव्हतं. मला रडू आलं. मी रडलो, तात्यासमोर, वहिनीसमोर, आणि पलीकडच्या खोलीतला काळा घोडा मान लांब करून बघत होता त्याच्यासमोरही. वहिनीने मला गप्प केलं नाही. तिने हातही पुढे केला नाही.

“खातेय,” तात्या म्हणाला.

ठमीने तोंड घमेल्यात घातलं होतं. आधी नुसतं हुंगल्यासारखं, मग एक घास, मग बराच वेळ काही नाही, मग दुसरा. दाढांखाली ओट चिरडण्याचा आवाज येऊ लागला, सावकाश, एका लयीत, आणि आम्ही तिघं तो ऐकत बसलो. किती वेळ गेला ते सांगता येणार नाही. त्या आवाजात डोकं रिकामं होत जातं. दुकानातल्या चाकाच्या आवाजात माणसं राहायला येतात आणि या आवाजात ती उठून जातात, मला वाटलं. वहिनीचे खांदे खाली आले होते. ती थोडी पुढे वाकून घमेल्यात बघत होती, किती उरलंय ते. घोडीने शेवटी जिभेने तळ चाटला, घमेलं नाकाने ढकलून दिलं, आणि ते भिंतीवर आपटून खणखणलं.

तात्या उठला, हात पायजम्याला पुसले आणि माझ्यासमोर तळवा धरला. “आता द्या.” मी पाकीट काढलं आणि वहिनीकडे दिलं. तिने वरचं चित्र पाहिलं, छापलेलं वाचलं, उलटसुलट केलं, आणि दोन्ही हातांनी तात्याच्या हातावर ठेवलं. “कमी असेल तर सांगा,” ती म्हणाली. तात्याने ते न बघता खिशात घातलं. “थोरल्यांना कधी विचारलं नाही, तुम्हाला कशाला विचारू?”

मी म्हणालो, “निघूया, वहिनी? घरी सोडतो तुम्हाला.”

“तुम्ही जा,” ती म्हणाली. तिने बादली जरा पुढे ओढून घेतली. ठमीने दरवाजावरून मान बाहेर काढली होती आणि वहिनी तिच्या कपाळाकडे हात नेत होती, लावत नव्हती, नुसता जवळ नेत होती. “मी बसते थोडा वेळ. साडेआठला फोन येईल लेकीचा. माझा घरीच राहिलाय, तुम्हाला करेल ती. मी कुठे आहे ते सांगा तिला. नवीन काही बनवू नका.”

मी रांगेतून परत निघालो. घोड्यांची तोंडं आता आत गेली होती, फक्त चावण्याचे आवाज येत होते, दोन्ही बाजूंनी. फाटकापाशी पोचलो तेव्हा फोन वाजला.

“काका, आई फोन उचलत नाहीये. कुठे आहे ती?”

मी थांबलो. श्वास घेतला. “तबेल्यात आहे. घोडीपाशी बसलीय.”

 पुतणी अगदी हळू, समजुतीच्या आवाजात म्हणाली, “काका, खरं सांगा.”